चाळीस की एक्केचाळीस

मोजणीबाईंना कुणी विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता हो?" की त्या सांगायच्या, "कायद्याला माणसं किती लागतील ते मोजते." समोरचा हसायचा. कायद्याला वकील लागतात, न्यायाधीश लागतात, एवढं त्याला ठाऊक. पण कायदा झाला की कुणीतरी खुर्चीवर बसून तो राबवतं, त्या खुर्चीला, त्या माणसाला आणि त्याच्या पगाराला पैसे लागतात, हे त्याच्या गावीही नसायचं.

सभागृहाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या मोटारीला खेटून त्यांचा कक्ष. लिफ्ट वर निघाली की टेबलावरची पेन्सिल घरंगळायची. कुठल्याही सभासदानं विधेयक आणलं की मतदानाआधी ते इथे यायचं, सोबत एक गुलाबी तक्ता. तक्त्यात विचारलेलं असायचं: या कायद्यानं तिजोरीवर भार किती? सतरा वर्षं मोजणीबाई ते तक्ते भरत होत्या. त्यांची पद्धत ठरलेली. खातेप्रमुखाला विचारायचं नाही, तो हात पसरतो. विधेयक आणणाऱ्यालाही विचारायचं नाही, त्याला सगळं फुकटात होणार असतं. जो ते काम स्वतःच्या हातानं करतो त्याच्या शेजारी खुर्ची टाकायची, घड्याळ समोर ठेवायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड, पण ते पुढे येईल.

त्या वर्षी लाँड्रीवाल्या सभासदांनी विधेयक आणलं. म्हातारा माणूस, राजकारणात यायच्या आधी तीस वर्षं लाँड्री चालवलेली. ऊर्जाखात्यानं एकदा फतवा काढला होता की तीन महिन्यांत सगळ्यांनी जुने बॉयलर काढून नवे बसवावेत. नियम वाईट नव्हता, इंधन वाचणारच होतं. पण नवा बॉयलर बसवायला एका लाँड्रीला किती खर्च येईल, हे खात्यात कुणी कागदावर मांडलंच नव्हतं. त्यांच्या रस्त्यावरच्या सातातल्या चार लाँड्र्यांना कुलूप लागलं. म्हणून म्हाताऱ्यानं आता एका वाक्याचं विधेयक आणलं: ऊर्जेचा कुठलाही मोठा नियम काढण्याआधी त्याचं आर्थिक परीक्षण झालंच पाहिजे.

झालं! ऊर्जाखात्याच्या सचिवांचा लगेच फोन. "चौदा माणसं लागतील, लिहून घ्या. आणि एक गाडी."

"गाडी कशाला?" मोजणीबाईंनी विचारलं.

"परीक्षणाला जायला-यायला नको?"

लाँड्रीवाले सभासद तर स्वतः चार जिने चढून आले, कारण लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. धापा टाकत म्हणाले, "एकही माणूस लागणार नाही बाई. आहेत त्यांनीच करायचं. खर्च दिसला ना, की माझं विधेयक गेलं म्हणून समजा."

मोजणीबाईंचे साहेब खुर्चीत मागे रेलून ऐकत होते. म्हणाले, "चौदा सोडा आणि शून्यही सोडा. जा, बसा, मोजून या. पंधरा तारखेला समितीची बैठक आहे."

मोजणीबाई ऊर्जाखात्यात गेल्या. असं परीक्षण तिथे आजवर सक्तीचं नव्हतं. कधीमधी व्हायचं, आणि सगळ्या खात्यात ते करणारं माणूस एकच. हाफडेताई. सकाळी साडेआठला यायच्या आणि एकच्या ठोक्याला निघायच्या, म्हणून हे नाव. घरी मोठा भाऊ होता. कामावर शिडीवरून पडला तेव्हापासून कमरेखाली अधू. सकाळी शेजारीण बघायची, दुपारी एकनंतर सगळं हाफडेताईंवर. त्यांना अर्ध्याच दिवसाची नोकरी हवी होती, अर्ध्याच पगारात त्यांचं भागत होतं, आणि तक्रार म्हणून नव्हती. बाई हसतमुख. टेबलावर कागदांचा ढीग, तोंडात पेन आणि कानाला फोन.

फक्त ती नोकरी तात्पुरती होती. ज्या निधीतून पगार निघायचा तो वर्षअखेरीला संपत होता. खात्यानं पद बंद करायचं पत्र टाईपसुद्धा करून ठेवलं होतं, खाली तारीख तेवढी घालायची राहिली होती. मोजणीबाईंना ते पहिल्याच दिवशी फाइलीत सापडलं.

"कायदा झाला तर आमचं पद पक्कं होईल, असं म्हणतात," हाफडेताई खुर्ची पुढे सरकवत म्हणाल्या. "बसा ना. तुम्ही बसलात की मी जरा ताठ बसते."

मोजणीबाईंनी घड्याळ समोर ठेवलं.

आता इथे तक्त्याचा एक नियम सांगायला हवा, सगळं घोडं तिथेच अडलं. तक्त्यात माणसं पूर्णांकात लिहायची. वर्षभराचं काम मोजून पूर्ण माणसाचं अर्धं वर्ष भरलं किंवा त्याहून कमी भरलं, तर ते सोडून द्यायचं आणि रकान्यात 'नगण्य' लिहायचं. अर्ध्याच्या वर गेलं, तासाभरानं का होईना, की एक माणूस धरायचं. एक माणूस धरलं की एक पद मंजूर होतं, आणि त्या पदावर अर्धवेळची बाई बसवायला कुणाची ना नसते. 'नगण्य' लिहिलं की पद नाही, निधी नाही, आणि टाईप केलेल्या पत्रावर तारीख पडते. म्हणजे काम जितकं जास्त वेळ घेईल तितकी हाफडेताईंची नोकरी शाबूत. आणि हे त्यांना सांगायची मोजणीबाईंना सक्त मनाई होती. ज्याचं काम मोजायचं त्याला मोजमापाचा निकाल कुठे फिरतो ते कळलं, की मोजमाप बाद.

परीक्षणाला घेतला होता एक नवा नियम: गरम पाण्याच्या टाक्यांना जाड वेष्टण घालणं सक्तीचं. हाफडेताई कामाला लागल्या. बाई काय झपाटा! मागच्या कपाटातून एक वही ओढायच्या, पानं उलटायच्या, फोन लावायच्या. "हॅलो दादा, ते वेष्टण अजून मागच्याच भावात देता का? वाढवला? किती? अहो, माझ्याशी खरं बोला, मी गिऱ्हाईक नाही." ठेवला फोन. दुसरा लावला. "वहिनी, तुमच्याकडे टाकी बसवायला प्लंबर किती वेळ घेतो? दोन तास? आणि चहाचा वेळ धरून?" गावातले अर्धे प्लंबर, वेल्डर आणि दुकानदार त्यांना आवाजावरून ओळखायचे. मोजणीबाईंनी पुष्कळ माणसं काम करताना पाहिली होती, पण असलं पाहिलं नव्हतं. त्यांना ही बाई मनापासून आवडली, आणि तिथेच पंचाईत झाली.

कारण हाफडेताई घाई करत होत्या. कुणी मोजायला आलं की परीक्षेला बसल्यासारखं माणूस करतं, तसंच. दहा वाजता चहा आला, तर हातानंच नको म्हणाल्या.

"घ्या हो," मोजणीबाई म्हणाल्या. "मी पण घेते."

"छे छे, तुम्ही मोजताय ना!"

अगं बाई, पी ना तो चहा! मोजणीबाईंच्या अगदी ओठांवर आलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला, उगाच, गप्पा मारायला. हाफडेताई म्हणाल्या, "घरी आल्यावर बोलू रे, कामात आहे," आणि मोजणीबाईंकडे बघून शाबासकी मिळाल्यासारख्या हसल्या. समोर एक शहाणी बाई आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेत होती आणि मोजणीबाई मूग गिळून मिनिटं लिहीत होत्या.

नऊ सकाळी हे चाललं. दहाव्या दिवशी साडेआठला पंधरा पानांचं परीक्षण तयार होतं, एक आकडा इकडचा तिकडे नाही. मोजणीबाईंनी मिनिटांची बेरीज केली. चाळीस तास. वर ना खाली. मोठे नियम वर्षाला सरासरी बावीस निघतात. बावीस गुणिले चाळीस, आठशे ऐंशी. अर्ध्या माणसाचं वर्ष नऊशे तासांचं.

वीस तास कमी पडले होते. एका परीक्षणामागे एक तास जास्त लागला असता, तर नऊशेच्या वर गेलं असतं. नऊ दिवसांचा न घेतलेला चहाच तेवढा होता.

संध्याकाळी घरी मोजणीबाई कोरा तक्ता पुढ्यात घेऊन बसल्या. सासूबाई समोर पत्ते लावत होत्या. त्या टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. नाव-गाव गाळून मोजणीबाईंनी सगळं सांगितलं.

"एकच तास ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग लिही की एक्केचाळीस. कुणाचं काय जातंय?"

"आई, असं नसतं."

"का नसतं? त्या बिचारीनं चहा प्यायला असता तर एक्केचाळीसच झाले असते. तू तिचा चहा धर. झालं!"

हे बाकी बिनतोड होतं. मोजणीबाईंनी पेन्सिलीनं एक्केचाळीस लिहिलं. छान दिसत होतं. कुणाला कळणार नव्हतं, घड्याळ त्यांचं, वही त्यांची. मग सचिवांची गाडी डोळ्यांसमोर आली. आज चांगल्या बाईसाठी एक तास वाढवला, तर उद्या त्या गाडीला कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? सतरा वर्षं लोक त्यांच्या आकड्यावर भांडत आले होते, पण आकडा खोटा आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी खोडरबर घेतलं. चाळीस लिहिलं.

"हट्टी आहेस," सासूबाई म्हणाल्या आणि पत्ता उलटला.

मोजणीबाई आंघोळीला म्हणून उठल्या. त्या दिवशी त्यांना फार वाईट वाटलं.

तक्ता पाठवण्याआधी आकडा दुसऱ्या खात्यांशी ताडून बघायचा, ही रीत. सकाळी त्यांनी जुन्या फाइली काढल्या. पाणीखातं: एका परीक्षणाला एकशे पासष्ट तास. रस्तेखातं: एकशे पंचावन्न. सगळीकडे एकशे साठच्या आगेमागे. मोजणीबाई चक्रावल्या. आपलं घड्याळ बंद पडलं होतं की काय?

त्या तशाच उठल्या आणि ऊर्जाखात्यात गेल्या. एक वाजून गेला होता, हाफडेताईंची खुर्ची रिकामी होती. शेजारच्या टेबलावर एक पूर्णवेळ अधिकारी बसला होता. हुशार माणूस, भिंतीवर पदव्या टांगलेल्या.

"टाकीच्या वेष्टणाचा आजचा भाव काढायचा झाला, तर तुम्हाला किती वेळ लागेल?" मोजणीबाईंनी विचारलं.

"मला? पत्रं पाठवायची, उत्तरं यायची... दोन आठवडे धरा. पण मी कशाला काढतोय? ताईंना विचारतो ना. त्यांच्या वहीत असतं."

मोजणीबाईंनी कपाट उघडलं. एकतीस वह्या. नऊ वर्षांचे भाव, मजुरी, बसवायला लागणारा वेळ, कोण खरं सांगतो आणि कोण वाढवून सांगतो, आणि बऱ्याच ठिकाणी हाफडेताईंच्या फक्त स्वतःला कळणाऱ्या खुणा. एका दुकानदाराच्या नावापुढे लिहिलं होतं: 'सोमवारी चिडलेला असतो.' मोजणीबाई कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना लख्ख कळलं. चाळीस तास हे त्या कामाचे नव्हते, त्या बाईचे होते. कामाचे एकशे साठच.

गुलाबी तक्त्याच्या तळाशी दोन बोटांचा एक चौकोन असतो. त्यात विचारलेलं असतं: हा आकडा काय धरून काढला आहे? सतरा वर्षं मोजणीबाई तिथे 'काही विशेष नाही' लिहीत आल्या होत्या. आज त्यांनी लिहिलं: 'सध्या परीक्षण करणारं अर्धवेळ पद व ती व्यक्ती कायम राहील असं धरून खर्च नगण्य. ते पद बंद झाल्यास याच कामास पूर्णवेळ दोन माणसं लागतील.'

साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "बाई, ही शिफारस आहे. आपल्याला शिफारस करता येत नाही."

"शिफारस म्हणजे पद ठेवा म्हणणं. मी ठेवा म्हटलेलं नाही, साहेब. काढलं तर किती पडेल तेवढं म्हटलंय."

"शब्दांचा खेळ करता?"

"बावीस गुणिले एकशे साठ करा. पस्तीसशे वीस. एका माणसाचं वर्ष अठराशेचं. पडताळून बघा."

साहेबांनी करून बघितलं. परत करून बघितलं. मग नुसतं 'नगण्य' लिहून हा तक्ता गेला असता, कायदा झाला असता, बाई गेली असती आणि वर्षभरानं बावीस नियम अडून पडले असते, तर शिव्या कुणाला बसल्या असत्या, हेही त्यांच्या ध्यानात आलं. "तुम्ही मला घरी बसवणार आहात," असं म्हणत त्यांनी सही ठोकली.

पंधरा तारखेला समिती बसली. मोजणीबाई भिंतीलगतच्या खुर्चीत. तिथे विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. लाँड्रीवाल्या सभासदांनी तक्ता हाती घेतला, 'नगण्य' वाचून खूश झाले, आणि मग खालच्या चौकोनावर अडखळले.

"हे पद आहे ना चालू?" त्यांनी सचिवांना विचारलं.

"ते तात्पुरतं आहे. वर्षअखेरीला बंद होतंय."

"म्हणजे माझा कायदा दोन माणसांना गेला?"

"चौदा," सचिव म्हणाले.

म्हाताऱ्यानं मोजणीबाईंकडे मान वळवली. "बाई, तुम्ही सांगा. ही एक बाई राहिली तर किती?"

"नगण्य."

"आणि गेली तर?"

"दोन पूर्णवेळ माणसं."

"मी तीस वर्षं माणसं कामाला ठेवली," लाँड्रीवाले सभासद म्हणाले. "जी बाई अर्ध्या दिवसात दोघांचं उरकते तिला घरी पाठवायची, ही अक्कल मला कधी सुचली नाही. सचिवसाहेब, तुम्ही फार शिकलेले." सगळे हसले. सचिवही हसले, जरा उशिरा. विधेयकाला दुसरं वाक्य जोडलं गेलं: परीक्षणाचं अर्धवेळ पद कायम करण्यात यावं. आठवडाभरात सभागृहात दोन्ही वाक्यं मंजूर झाली.

आदेश निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मोजणीबाई स्वतः ऊर्जाखात्यात गेल्या. हाफडेताईंनी कागद टेबलावर काचेखाली ठेवून दिला होता आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होत्या. मोजणीबाईंना बघताच उठल्याच. "या, या! आज चहा घेतल्याशिवाय सोडत नाही."

चहा आला. आता काम संपलं होतं, सांगायला मनाई नव्हती. न सांगताही चाललं असतं. पण मोजणीबाईंना ते राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. तक्त्याचा नियम, नऊशे तास, टाईप केलेलं पत्र, न घेतलेला चहा.

हाफडेताईंनी कप खाली ठेवला. "एका तासानं?"

"एका तासानं."

"आणि तुम्ही शेजारी बसून बघत होतात."

"हो."

"एक्केचाळीस लिहिता आलं असतं तुम्हाला."

"लिहिलं होतं. खोडलं."

"त्या खालच्या चौकोनातलं तेव्हा सुचलं होतं?"

"नाही," मोजणीबाई म्हणाल्या. खोटं बोलायची हीच वेळ होती, पण ते त्यांना येत नव्हतं. "ते दुसऱ्या दिवशी सुचलं. खोडलं तेव्हा तुमची नोकरी गेली, असंच धरून खोडलं."

हाफडेताईंनी काचेखालचा कागद सरळ केला. शेजारच्या टेबलावरचा अधिकारी उगाच कागद चाळायला लागला. मग हाफडेताई हळूच म्हणाल्या, "माझ्या वहीत कुणी एक आकडा बदलायला सांगितला असता, तर मीही बदलला नसता. सख्ख्या भावासाठी सुद्धा नसता बदलला. पण मी रडले असते हो."

"रडलेच की मी," मोजणीबाई म्हणाल्या. "न्हाणीघरात नळ सोडून रडले. घरात ऐकू जाऊ नये म्हणून."